एप्रिलमधला थर घट्ट, जुलैमधला सुटतोय : टायटॅनियमवरच्या हायड्रॉक्सीॲपेटाइटबद्दल मदत हवी

मृण्मयी | १८ जुलै, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात पीएचडी करते. शरीरात बसवायच्या टायटॅनियमच्या भागांवर हायड्रॉक्सीॲपेटाइटचा पातळ थर देणं हा माझा विषय. आपल्या हाडातलं खनिज याच जातीचं, कॅल्शियम आणि फॉस्फेटचं. धातूवर त्याचा थर असेल तर हाड त्याला परकं न मानता येऊन चिकटतं.

माझी पद्धत सोल-जेलची. कॅल्शियम नायट्रेट आणि ट्रायइथाइल फॉस्फाइट अल्कोहोलमध्ये, थोडं पाणी घालून, कॅल्शियम-फॉस्फरसचं प्रमाण १.६७ येईल असं मिसळायचं. घासून स्वच्छ केलेली टायटॅनियमची पट्टी (२० मिलिमीटर लांब) त्यात बुडवून मिनिटाला १०० मिलिमीटर या वेगानं वर काढायची, ८० अंशांना सुकवायची आणि ६०० अंश सेल्सिअसला भाजायची. असे चार थर.

एप्रिलमध्ये केलेल्या पट्ट्या उत्तम होत्या. चिकटपट्टी लावून ओढली तरी काही निघालं नाही. आता जुलैत तेच द्रावण, तीच भट्टी, तेच तापमान, आणि थर सुटतोय. सूक्ष्मदर्शकाखाली तळं आटल्यावर गाळाला पडतात तशा भेगा दिसतात. शिवाय कपाटात आठवडाभर ठेवलेल्या पट्ट्यांवर पांढरी भुकटी आली आहे. तीन आठवडे झाले, झोप नीट नाही. कुणाला काही सुचतंय का?

भट्टीवाला | १८ जुलै, रात्री १०:०५

ताई, मी शिरोलीत फौंड्रीत आहे, बिडाचं कास्टिंग. तुझ्या औषधांतलं मला काय कळत नाही, पण थर सुटायचं दुखणं चांगलं ठाऊक आहे. आम्ही कोअरला, म्हंजे साच्यातल्या वाळूच्या गाभ्याला, झिरकॉनचा वॉश मारतोय, पातळ लेपच म्हण. धातू १४०० अंशाच्या आसपास ओततोय, तवा वाळूला तेवढाच आधार. तोबी सिरॅमिकचाच थर की.

आमच्याकडं वॉश सुटायची कारणं तीनच. घट्ट झाला, म्हणून जाड बसला. वाळवायची घाई केली. न्हाईतर खालच्या कोअरला ओल होती. पावसाळ्यात तिन्ही एकदम हुत्यात. म्हणून आम्ही वॉशचा दाटपणा रोज सकाळी हायड्रोमीटर घालून बघतोय, मागच्या पाळीनं काय लिवलंय त्यावर जात न्हाई.

तू "तेच द्रावण" म्हणतीस. तेच म्हंजे तीच बाटली, का त्याच मापानं नव्यानं केल्यालं? आणि भट्टी मिनिटाला किती अंशानं चढवतीस?

सासनेनगरी | १८ जुलै, रात्री १०:३१

विषय डोक्यावरून गेला पण वाचतोय. ताई, झोप घ्या आधी.

मृण्मयी | १८ जुलै, रात्री ११:००

भट्टीवाले दादा, द्रावण नव्यानं केलं, माप तेच. भट्टी मिनिटाला १० अंशांनी चढते. ६०० ला अर्धा तास, मग बंद करून दार किलकिलं करते, म्हणजे संध्याकाळपर्यंत पट्ट्या हातात येतात.

भट्टीवाला | १८ जुलै, रात्री ११:०८

दार किलकिलं करू नकोस! गरम कास्टिंगवर वारं लागलं की काय हुतंय ते बघायला कवातरी ये आमच्याकडं.

हुपरीकर | १९ जुलै, सकाळी ७:१५

आमचं घर चांदीकामाचं. आजोबा पैंजणांवर भट्टीतला खरा मीना भरायचे. आता बहुतेक ठिकाणी गार मीना चालतो, पण त्यांचं काम मी डोळ्यांनी पाहिलंय. ते म्हणायचे, मीना आणि चांदी एकत्र तापतात, पण गार होताना दोघांची चाल वेगळी.

पुढे शिकल्यावर त्याचा अर्थ कळला. चांदी प्रत्येक अंशाला लाखात साधारण १.९ भाग आकसते, काच त्याहून कमी. त्यामुळे गार झाल्यावर चांदी जास्त आकसून मीन्याला चहूबाजूंनी आवळून धरते. काचेला दाब सोसतो, ताण सोसत नाही. म्हणून मीना टिकतो.

मृण्मयीताई, तुमचं प्रकरण याच्या बरोबर उलटं आहे. टायटॅनियम लाखात साधारण ०.९ भाग आकसतं, हायड्रॉक्सीॲपेटाइट १.३ ते १.५. म्हणजे गार होताना वरचा थर जास्त आकसायला बघतो आणि खालचा धातू त्याला सोडत नाही. थर कायम ताणलेला. ६०० अंशांवरून खाली येताना २० मिलिमीटरच्या पट्टीवर हा फरक ०.०५ ते ०.०७ मिलिमीटर होतो. केसाच्या जाडीच्या निम्म्याहून जास्तच. वाटायला थोडं, पण सिरॅमिकला फार. थर जितका जाड तितका हा ताण त्याला उचकटायला बघणार. त्यामुळे पातळ ठेवा आणि सावकाश गार करा.

चिंचवडकर | १९ जुलै, दुपारी १:४०

मूळचा कोल्हापूरचाच, सध्या चिंचवडला. प्लाझ्मा स्प्रेचं, म्हणजे ज्योतीत पावडर वितळवून धातूवर फवारायचं, काम १४ वर्षं केलंय, त्यातली काही इम्प्लांटवर.

हुपरीकरांचं गणित बरोबर. पण बाजारात जे खुब्याचे सांधे येतात त्यांवरचा थर बहुतेक प्लाझ्मा स्प्रेनंच दिलेला असतो, ५० ते २०० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड. सोल-जेलचा एखाददुसरा मायक्रॉनचा थर प्रयोगशाळेत सुंदर दिसतो. कारखान्यात हजार नग एकसारखे काढायचे म्हटलं की वेगळी गोष्ट होते.

आमच्याकडच्या अडचणी सांगतो, तुम्हाला त्यात तुमच्याच दिसतील. प्लाझ्माची ज्योत दहा हजार अंशांच्या वर. त्यात पावडर क्षणभर असते, सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात. मोठा कण बाहेरून वितळतो आणि त्याच्या पोटात मूळचा स्फटिक शिल्लक राहतो. बारीक कण पार आतपर्यंत तापतो, त्यातला हायड्रॉक्सिल गट उडून जातो आणि तो दुसऱ्याच फॉस्फेटांत मोडतो. फारच तापला तर नुसतं कॅल्शियम ऑक्साइड उरतं. मग हे सगळं थंड धातूवर आपटून इतक्या झटक्यात गोठतं की स्फटिक व्हायला वेळच मिळत नाही, काचेसारखा अस्फटिक भाग तयार होतो. हा भाग सगळ्यात जास्त कुठे? धातूला अगदी लागून, कारण पहिला थेंब सगळ्यात थंड जागी पडतो. आणि शरीरातल्या द्रवात सगळ्यात आधी विरघळतो तोही हाच भाग. बुडालाच कच्चं राहिलेलं बांधकाम.

आता यात बदलतं काय? वीज किती दिली, हायड्रोजन किती मिसळला, बंदूक किती अंतरावर, पावडरीचा दाणा केवढा, नग आधी तापवला होता का. अंतर दोन-तीन सेंटिमीटरनं चुकलं तरी एक्स-रे विवर्तनाचा आलेख, म्हणजे थरात कोणते स्फटिक आहेत ते दाखवणारा, वेगळा येतो. पावडर तीच, डब्यावरचा शिक्का तोच, पण थर निराळा! पावसाळ्यात पावडर ओल धरते आणि नळीतून धक्के देत येते, त्याचा त्रास वेगळाच.

म्हणून फवारलेल्या थरांसाठी आयएसओ १३७७९ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या दुसऱ्या भागात अटी घातल्यात. स्फटिकता किमान ४५ टक्के, चिकटून राहण्याची ताकद सरासरी किमान १५ मेगापास्कल. तुमची चिकटपट्टी त्या मानानं अगदीच हलकी परीक्षा आहे.

मृण्मयी | १९ जुलै, रात्री ८:५०

हुपरीकर, तुमच्या आजोबांचं वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलंय.

चिंचवडकर सर, कारखान्याचा मुद्दा मान्य. पण पातळ थराच्या बाजूनं मला मनापासून बोलायचंय. जाड थरात ताण साठतो, तो तुकड्यानं निघू शकतो, आणि निघालेला कण सांध्याच्या घासत्या भागात गेला तर झीज वाढते. शिवाय दातांच्या इम्प्लांटचे आटे किंवा सच्छिद्र पृष्ठभाग १०० मायक्रॉनच्या थरानं बुजून जातात. बुडवून दिलेला पातळ थर आतल्या कोपऱ्यात पोचतो, बंदुकीला मात्र समोर दिसेल तेवढंच रंगवता येतं. त्यात ६०० अंशांत काम भागतं. शुद्ध टायटॅनियमची स्फटिकरचना ८८२ अंशांना बदलते, तिथवर जायची गरजच नाही.

वैशाली_इचल | १९ जुलै, रात्री १०:१५

मी यातली नाही, पण हे वाचून पोटात गोळा आला. माझ्या वडिलांचा खुब्याचा सांधा दीड वर्षापूर्वी बदलला. कागदावर "एचए कोटेड" लिहिलंय, म्हणजे हाच हायड्रॉक्सीॲपेटाइटचा थर. इथे थर विरघळतो, सुटतो असं चाललंय. बाबा आता रोज सकाळी पंचगंगेच्या घाटापर्यंत चालत जातात. त्यांच्या आत काही सुटत असेल का?

हाडांचा_डॉक्टर | २० जुलै, सकाळी ६:३०

वैशालीताई, घाबरू नका. वडील दीड वर्षानं दुखण्याशिवाय चालत असतील तर त्या सांध्यानं आपलं काम केलेलं आहे.

थोडं समजावून सांगतो. सिमेंट न वापरता बसवायच्या सांध्यात धातू आणि हाड यांच्यात सुरुवातीला बारीक फट असते. हाड ती भरून काढेपर्यंतचे पहिले काही आठवडे नाजूक. त्या काळात हा थर हाडाला बोलावून आणतो. त्यातलं थोडं विरघळलेलं चालतं, उलट त्यातून सुटलेलं कॅल्शियम आणि फॉस्फेट नव्या हाडाला तिथेच मिळतं. एकदा हाड धातूच्या खरखरीत पृष्ठभागात रुतलं की पुढचं ओझं हाड आणि धातू मिळून उचलतात. टायटॅनियमशी हाड थेट जुळतं हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशांवरच्या प्रयोगांत दिसलं, आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात इम्प्लांट बसवलं. असा थर दिलेला खुब्याचा सांधा इंग्लंडमध्ये फरलाँग यांनी १९८५ मध्ये बसवला. म्हणजे याला चार दशकं झाली.

पण एक बाजू मृण्मयी आणि चिंचवडकर यांच्यासाठीही सांगायला हवी. थर दिला की निकाल चांगलाच, असं सरळ नाही. स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदवहीचा अभ्यास २०१० मध्ये आला, त्यात असा थर दिलेल्या खुब्याच्या वाट्या पुन्हा बदलाव्या लागण्याचा धोका जास्त दिसला. मांडीच्या हाडातल्या दांड्याच्या बाबतीत पुढच्या वर्षी आलेल्या अभ्यासात थराचा फायदाही दिसला नाही आणि तोटाही नाही. माझं मत असं की "थर आहे का" हा प्रश्न अर्धाच आहे. कशावर दिलाय, किती जाड, किती स्फटिक, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही. आम्ही शस्त्रक्रियेच्या टेबलावर फक्त खोका उघडतो. आत काय घडलंय ते तुमच्यासारख्यांच्या हातात असतं, म्हणून मी हा धागा इतक्या आस्थेनं वाचतोय.

वैशालीताई, एक करा. शस्त्रक्रियेच्या कागदांवर इम्प्लांटचं स्टिकर लावलेलं असेल, त्यावर लॉट नंबर असतो. त्याचा फोटो काढून जपून ठेवा.

वैशाली_इचल | २० जुलै, सकाळी ९:०२

डॉक्टर, डोळे भरून आले. स्टिकर सापडलं. बाबा आत्ताच फिरून आले, त्यांना हे सगळं वाचून दाखवलं. म्हणाले, "त्या पोरीला सांग, तुझं काम नीट कर, आम्ही त्याच्यावर चालतोय."

मृण्मयी | २० जुलै, सकाळी ९:४०

हे मी छापून प्रयोगशाळेत लावणार. काकांना माझा नमस्कार सांगा.

भट्टीवाला | २० जुलै, दुपारी २:१०

डॉक्टरसाहेब बोलले ते लॉट नंबरचं, आमच्याकडं त्याला हीट नंबर. एका भट्टीच्या ओतणीतले सगळे नग एका नंबराचे. गिऱ्हाइकाकडं एक तुटला की त्या नंबराचा कागद काढायचा: केमिस्ट्री काय हुती, ओतताना टेंपरेचर किती, वाळूची ओल किती. कागद नसंल तर सगळाच माल परत. ताई, तुझ्या एप्रिलच्या पट्टीचा हीट नंबर आणि जुलैचा, दोन्हींचा कागद शेजारी शेजारी ठेव. मापाचं सोड, दिवसाचा वेळ, हवा, कोण हजर हुतं, समदं.

गुरुजी_राजारामपुरी | २० जुलै, रात्री ९:३०

उशिरा येतोय. पदार्थविज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलं, आता निवृत्त. शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये स्थापन झालं आणि तिथल्या आमच्या विभागात पातळ थरांवर कामाची मोठी परंपरा उभी राहिली. साध्या काचपात्रात, फवाऱ्यानं, बुडवून थर काढणारे विद्यार्थी मी पिढ्यान् पिढ्या पाहिले. म्हणून या धाग्यावर राहवलं नाही.

आधी एक जुनी हकीकत, भट्टीवाल्यांसाठी खास. ही थराची नाही, झिरकोनिया नावाच्या सिरॅमिकच्या अखंड गोळ्यांची आहे, जे खुब्याच्या सांध्यात बसतात. फ्रान्समधली एक कंपनी ते बनवायची. १९९८ मध्ये तिनं भाजणीची भट्टी बदलली. आधी एका वेळी एक घाणा भाजणारी भट्टी होती, तिच्या जागी सलग चालणारी बोगद्यासारखी भट्टी आणली. पावडर तीच, आकार तोच. पुढे त्यातल्या काही घाण्यांचे गोळे रुग्णांच्या शरीरात फुटू लागले आणि २००१ मध्ये माल जगभरातून परत मागवावा लागला. झिरकोनियाचा एक स्फटिकप्रकार ओलाव्यात हळूहळू दुसऱ्या प्रकारात बदलतो आणि बदलताना फुगतो. भाजणी नेमकी असेल तर तो बदल रोखलेला राहतो. तिथे तो रोखला गेला नाही. एका भट्टीच्या फरकानं किती माणसांना पुन्हा शस्त्रक्रियेला जावं लागलं, हे आठवलं की आजही मन अस्वस्थ होतं.

आता मृण्मयी, तुझ्याकडे येतो. सगळे भेगांबद्दल बोलले, तू सांगितलेल्या पांढऱ्या भुकटीकडे कुणी पाहिलं नाही. मला तीच महत्त्वाची वाटते.

चुनकळी आठव. भाजलेला चुना, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड. पाणी लागलं की फुगतो, फुलतो, भुकटी होतो. आकारमान जवळपास दुप्पट होतं. तुझ्या थरात चुनकळीचे बारीक कण असतील तर जुलैच्या हवेतली ओलसुद्धा त्यांना पुरे. ते आतून फुगणार आणि थर उचकटणार. हुपरीकरांनी सांगितलेला ताण आहेच, पण तो एप्रिलमध्येही होता.

चुनकळी आली कुठून? फॉस्फाइट पाण्याशी अभिक्रिया करून कॅल्शियमशी जुळायला वेळ घेतं. ती पुरी झाली नाही तर न जुळलेलं फॉस्फाइट तापवताना उडून जातं, ते बाष्पनशील आहे. फॉस्फरस गेला की कॅल्शियम एकटं उरतं, त्याचा चुना होतो. बाटलीत १.६७ मोजलंस, पण पट्टीवर १.६७ पोचलंच नाही.

म्हणून तीन प्रश्न. एक, एक्स-रे आलेखात ३७.४ अंशांजवळ चुनकळीचं शिखर आहे का? दोन, द्रावण वापरलंस तेव्हा त्याचा तो उग्र वास गेला होता का? तीन, आणि हाच खरा: एप्रिलमध्ये द्रावण केल्यापासून किती दिवसांनी बुडवलंस?

मृण्मयी | २० जुलै, रात्री ११:५०

गुरुजी, हात थरथरतायत टाइप करताना.

एक: जुलैच्या आलेखात ३७.४ ला छोटं पण स्पष्ट शिखर आहे. मी ते खालच्या धातूचं समजून सोडून दिलं होतं. एप्रिलच्या आलेखात ३१.८, ३२.२ आणि ३२.९ ही हायड्रॉक्सीॲपेटाइटची तीन शिखरं नीट आहेत, ३७.४ ला काहीच नाही.

दोन: जुलैत वास होता. खोलीत सगळ्यांनी तक्रार केली होती.

तीन: वही उघडली. एप्रिलमध्ये द्रावण केलं आणि दुसऱ्या दिवशी मी जोतिबाच्या चैत्र यात्रेला घरी गेले. आमच्या घरची सासनकाठी असते. परत आले सहाव्या दिवशी. बाटली टेबलावर झाकण लावून तशीच होती आणि मी आल्या आल्या ती वापरली. जुलैत रात्री द्रावण केलं आणि सकाळी बुडवलं. वहीत मापाच्या रकान्यात दोन्हीकडे तेच आकडे. "किती दिवस ठेवलं" असा रकानाच नाही माझ्या वहीत!

सासनेनगरी | २० जुलै, रात्री ११:५४

जोतिबाच्या नावानं चांगभलं!!

हुपरीकर | २१ जुलै, सकाळी ७:०५

चांगभलं! गुलाल प्रयोगशाळेतसुद्धा उधळला म्हणायचा.

भट्टीवाला | २१ जुलै, सकाळी ७:४०

बघ ताई. कागद शेजारी ठेवला की भूत पळतंय. नाद खुळा गुरुजी.

गुरुजी_राजारामपुरी | २१ जुलै, सकाळी १०:२०

लगेच निष्कर्ष काढू नकोस. एप्रिल आणि जुलैत आणखी एक फरक आहे, खोलीचं तापमान. कोल्हापुरात एप्रिलच्या दुपारी ३६-३७ अंश, जुलैत २४-२५. उबेत ही अभिक्रिया वेगानं होते. म्हणजे एप्रिलचे सहा दिवस जुलैच्या सहा दिवसांपेक्षा मोठे. बाटली ४० अंशांच्या पाण्यात ठेव म्हणजे ऋतूचा प्रश्न मिटेल. फार दिवसही ठेवू नकोस, द्रावण दाट होत जातं, मग थर जाड बसेल आणि भट्टीवाल्यांच्या वॉशची कथा सुरू होईल. कॅल्शियम नायट्रेटही ओल धरतं, पावसाळ्यात तोललेल्या एका ग्रॅममध्ये पाणी जास्त आणि कॅल्शियम कमी असतं. बाटलीचं झाकण उघडं ठेवत जाऊ नकोस.

भेगा नेमक्या कधी पडतात तेही बघ. भट्टीत घालण्याआधी, नुसती सुकवलेली पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेव. अशा थरांत द्रव निघून जाताना जेवढं आकसणं होतं ते तापमानाच्या आकसण्यापेक्षा बरंच जास्त असतं.

चिंचवडकर | २१ जुलै, दुपारी १२:४५

गुरुजी, शंभर टक्के पटलं. एका गोष्टीवर मात्र मला वाद घालायचाय. सगळे स्फटिकतेच्या मागे आहेत. आम्हीही फवारणीनंतर नग ६००-७०० अंशांना पुन्हा तापवून अस्फटिक भाग स्फटिक करतो, पाण्याच्या वाफेत केलं तर गेलेला हायड्रॉक्सिलही परत येतो. पण पूर्ण स्फटिक थर द्रवात जवळजवळ हलत नाही. डॉक्टर म्हणाले तसं सुरुवातीचं थोडं विरघळणं हाडाला हवं असेल, तर १०० टक्के स्फटिकता हे ध्येय असावं का?

गुरुजी_राजारामपुरी | २१ जुलै, संध्याकाळी ६:००

वाद रास्त आहे. जाड थर असेल तर थोडा अस्फटिक भाग परवडतो, खाली शिल्लक राहते. मृण्मयीचा थर एका मायक्रॉनच्या आसपास. त्यातला पाव भाग विरघळला तर उरलेला टिकेल का? पातळ थराला स्फटिकता जास्त लागते, असं माझं मत.

हाडांचा_डॉक्टर | २१ जुलै, रात्री १०:४०

रुग्णाच्या हाडावरही ठरतं. पस्तिशीतल्या माणसाचं घट्ट हाड आणि ऐंशीच्या आजींचं ठिसूळ हाड यांना एकच थर योग्य असेल असं मला वाटत नाही. त्या आजींना तर मी बहुतेक वेळा सिमेंटच वापरतो.

मृण्मयी | ९ ऑगस्ट, रात्री ८:१५

मंडळी, परत आले. एक दिवस मुरवलेलं आणि ४० अंशांच्या पाण्यात पाच दिवस मुरवलेलं, अशी दोन द्रावणं केली. प्रत्येकातल्या निम्म्या पट्ट्या मिनिटाला १० अंशांनी तापवल्या, निम्म्या २ अंशांनी. भट्टीचं दार सकाळपर्यंत बंद. वर काढण्याचा वेग निम्मा केला, म्हणजे थर पातळ. प्रत्येक थर वेगळा भाजला.

एक दिवसाच्या सगळ्या पट्ट्यांत ३७.४ चं शिखर आहे, सावकाश तापवल्या तरीही. पाच दिवसांच्या एकाही पट्टीत नाही. वासही चौथ्या दिवशी गेला होता. पाच दिवसांच्या पण झपाट्यानं तापवलेल्या पट्ट्यांत बारीक भेगा आहेत, सावकाश तापवलेल्यांत मधल्या भागात एकही दिसली नाही. कपाटात ठेवून बारा दिवस झाले, बाहेर धो धो पाऊस, आणि भुकटी नाही!

गुरुजी, तुम्ही सांगितलं तसं भाजण्याआधीही पाहिलं. जुलैच्या पद्धतीत भेगा सुकतानाच पडत होत्या, मी उगाच भट्टीला दोष देत होते. पण भट्टीतही एक सापडलं: पडद्यावर ६०० दिसतं तेव्हा पट्टीजवळ वेगळा थर्मोकपल (तापमान मोजायची तार) ठेवला तर ५७० दाखवतो.

एक दुखणं उरलंय. पट्टीच्या खालच्या कडेला अजून भेगा येतात, दोन मिलिमीटरच्या पट्ट्यात.

हुपरीकर | ९ ऑगस्ट, रात्री ९:००

तिथे थेंब साठत असणार. बुडवून वर काढल्यावर खालच्या धारेला द्रावण लोंबतं, तिथे थर दुप्पट-तिप्पट जाड. आम्ही मुलाम्याचा नग बाहेर काढला की खालच्या टोकाला टिपकागद नुसता टेकवतो, पुसत नाही. टेकवला की थेंब ओढला जातो. आणि पट्टीच्या कडा धारदार असतील तर आधी गोल घासून घ्या, धारेवर कुठलाच थर नीट बसत नाही.

चिंचवडकर | ९ ऑगस्ट, रात्री ९:३५

फार सुंदर काम. आता चिकटपट्टी सोडा आणि ओढून बघा. २५ मिलिमीटर व्यासाचे टायटॅनियमचे दोन दंडगोल, एकाच्या तोंडावर थर, दुसरा इपॉक्सीनं चिकटवायचा आणि मशीनवर सरळ रेषेत ओढायचे. १५ मेगापास्कल म्हणजे त्या व्यासाला साधारण साडेसात किलोन्यूटन, ७५० किलोच्या आसपास. एक सावधगिरी: तुमचा थर पातळ आणि थोडा सच्छिद्र आहे. पातळ इपॉक्सी त्यातून झिरपून थेट धातूला चिकटली तर आकडा खोटा मोठा येईल. घट्ट इपॉक्सी किंवा फिल्मसारखी मिळते ती वापरा, आणि तुटल्यावर कुठे तुटलं ते दोन्ही तोंडांवर बघा. इपॉक्सीतच तुटलं तर तो थराचा आकडा नव्हे.

मृण्मयी | ९ ऑगस्ट, रात्री ९:५०

ओढायचं मशीन मात्र आमच्याकडे नाही. बाहेर रांग मोठी आहे.

भट्टीवाला | ९ ऑगस्ट, रात्री ९:५८

आमच्या लॅबमधी हाय की, ४० टनी. बिडाचे टेस्ट बार ओढतोय रोज. पण ७५० किलो त्याला लई हलकं पडतंय, सगळ्यात खालची रेंज लावायला लागंल, काटा आधी शून्याला नीट आणायला लागंल. दंडगोल सरळ रेषेत पकडायला जबड्यात गोल फिरणारा सांधा पायजे, न्हाईतर वाकडं ओढून कडंनं सुटंल. तो आमचा टर्नर करून देतोय, चिंचवडकर सरांनी माप सांगावं.

चिंचवडकर | ९ ऑगस्ट, रात्री १०:१०

माप उद्या सकाळी देतो. शनिवारी मी कोल्हापुरातच आहे, मीही येतो.

मृण्मयी | ९ ऑगस्ट, रात्री १०:१४

दादा, खरंच येऊ? पट्ट्यांऐवजी दंडगोल बुडवायचे तर नवं द्रावण लागेल. आज रात्री केलं तर पाच दिवस मुरून शुक्रवारी तयार होईल. वहीत रकाना आखलाय.

भट्टीवाला | ९ ऑगस्ट, रात्री १०:१६

ये. शनिवारी दुपारनंतर मशीन मोकळं असतंय. गुरुजींना पण घिऊन ये, आणि वैशालीताईंच्या वडिलांना यायचं असंल तर गाडी पाठवतो.

वैशाली_इचल | ९ ऑगस्ट, रात्री १०:३०

बाबा येणार म्हणतायत. गाडी नको, म्हणाले स्टँडपासून चालत येईन.